हौद भरलेला, पण पोहरा?

पुण्याच्या पाण्याची जुनी हकिगत आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकलेली असते. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधले, तिथून जमिनीच्या पोटातून नळ काढला आणि पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणून सोडले. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उताराच्या भरवशावर. वाटेत हवा खेळावी म्हणून उच्छ्वास, आणि शहरात जागोजाग हौद. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. आमच्या सदाशिव पेठेच्याही नावाचा एक हौद होता. या सगळ्या खटाटोपातली मला आवडणारी गोष्ट बांधकामाची नाही. पाणी भरायला येणाऱ्याकडून त्या व्यवस्थेने काय मागितले, ती आहे. एक दोरी आणि एक पोहरा. तलाव किती खोल, नळाला उतार किती, या हौदातले पाणी पुढे कुठे जाते, यातले काही ठाऊक नसले तरी घागर भरत होती.

अर्थात हे चित्र फार गोड करून रंगवू नये. हौद भरलेला असणे आणि माणसाला पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जोतीराव फुल्यांनी पुण्याला १८६८ साली दाखवून दिले. त्या वर्षी त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तोवर शहरात पाणीही होते आणि तहानही होती. त्या अन्यायाशी आजच्या कुठल्याही गैरसोयीची बरोबरी मी करणार नाही. पण साठा किती मोठा यावर खूश होण्याआधी तिथवर कोण पोचते ते पाहावे, हा धडा मात्र कुठल्याही साठ्याला लागू आहे. आज मला लिहायचे आहे ते संगणकातल्या साठ्याविषयी.

संगणकाचे नाव काढल्याबरोबर पान उलटू नका. विषय आपल्या कपाटातल्या कागदांचा आहे. फोटो, पत्रे, दाखले, बँकेतली खाती, सगळेच आता कुठल्या तरी यंत्रात साठवले जाते. आणि एकच यंत्र बिघडले, जळाले किंवा चोरीला गेले तर सगळे जाईल, म्हणून त्याच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवल्या जातात. अशी यंत्रे दहा असोत की दहा हजार, ती सगळी मिळून एकच मोठे भांडार असल्यासारखी वागतात. एखादे बंद पडले तर उरलेली त्याचे काम उचलतात. याला विखुरलेला साठा म्हणू. या साठ्यात काही ठेवायचे किंवा त्यातून काही काढायचे, तर आपल्या टेबलावरच्या संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते. भांडार कुठे आहे, आपण कोण, किल्ली कोणती, हे त्याला सांगावे लागते. ही ओळख करून देण्याचे काम म्हणजे आपला पोहरा.

विखुरून ठेवण्याचे महत्त्व पुणेकरांना कुणी वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणानेही दम सोडला, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. मी तेव्हा पाळण्यात होतो. आईचे माहेर नारायण पेठेत, तळमजल्यावर. बाळंतपणासाठी आलेली आई मला घेऊन वेळेवर बाहेर पडली, ट्रंक राहिली. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या, आईच्या लग्नातले फोटो, माझा बारशाचा एकुलता एक फोटो, सगळे एकाच ट्रंकेत होते आणि एकाच दुपारी गेले. त्या फोटोची एखादी प्रत साताऱ्याला मावशीकडे असती तर, असे आई पुढे कित्येक वर्षे म्हणायची. विखुरलेल्या साठ्याची याहून सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

म्हणूनच निवृत्तीनंतर आम्ही पेठेतल्या सात-आठ जणांनी एक उद्योग काढला. वाडे पडत होते, इमारती उठत होत्या, आणि दर वाड्याबरोबर एकेक माळा रद्दीत जात होता. त्या माळ्यांवरचे कागद स्कॅन करून ठेवावेत, अशी कल्पना. फार थोर दस्तऐवज नव्हेत. घरगुती पत्रे, लग्नपत्रिका, किराणा मालाच्या याद्या, शाळेचे निकाल. पेठेतलाच एक तरुण अभियंता मदतीला आला. त्याने तीन जुने संगणक मिळवले. एक सदाशिव पेठेत, एक कोथरूडला, एक सिंहगड रस्त्यावर, असे तीन घरी ठेवले आणि तिन्ही जोडून एक लहानसे भांडार उभे केले. मोठ्या जगातल्या व्यवस्थांच्या मानाने ते भातुकलीतले. पण एका रविवारी त्याने आमच्यासमोर कोथरूडच्या यंत्राची तार काढली आणि सगळे कागद तरीही जसेच्या तसे दिसत राहिले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पानशेतचा हिशेब चुकता झाल्यासारखे वाटले.

आता काम एवढेच उरले, की ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांनी आपापल्या संगणकावरून ते भांडारात पाठवावेत. त्यासाठी काय करायचे याचे पत्रक लिहिण्याची जबाबदारी मी घेतली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेली, शिवाय चार कादंबऱ्या लिहिलेल्या. परिपत्रक आणि गद्य, दोन्हींचा सराव. पत्रक सात पानांचे झाले. अमुक आज्ञावली उतरवून घ्या. तिच्याबरोबर तमुक लागते, ती आधी बसवा. तिन्ही यंत्रांचे आकडी पत्ते अचूक लिहा, मधली टिंबे विसरू नका. ही ओळ त्या फायलीत घाला. आणि पाचव्या पानावर, अजून आठवले की कान गरम होतात असे वाक्य: 'यानंतर धोक्याचा इशारा देणारी चौकट येईल. घाबरू नये. होय म्हणावे.'

चौदा घरी पत्रके दिली. दोघांना जमले, त्यांतल्या एकाचा मुलगा संगणक कंपनीत होता. बाकीचे भेटले की म्हणत, "करतो सवडीने." पुण्यात 'सवडीने' या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

त्या चौदांत मला चौथीत शिकवणाऱ्या बाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. त्यांच्या वडिलांनी नोकरीनिमित्त बेळगावला असताना आईला लिहिलेली पत्रे त्यांच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत होती. मी पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "त्यात इतिहास वगैरे काही नाही रे. तांदळाचा भाव आहे आणि माझ्या दातांची चौकशी आहे." मी म्हटले, "बाई, तोच तर इतिहास." त्यांना ते पटले असावे. पत्रक ठेवून घेतले.

पंधरा दिवसांनी त्यांनी ते शेजारच्या मुलाबरोबर परत पाठवले. लाल शाईने शुद्धलेखन तपासलेले. 'आज्ञावली'तला वेलांटीचा घोळ, दोन ठिकाणी चुकलेला अनुस्वार, एका वाक्यात हरवलेला कर्ता. मी ते घरात सगळ्यांना दाखवून हसलो आणि खणात ठेवून दिले. पुढे चार महिन्यांनी वाडा विकसनाला गेला. बाई मुलाकडे वाकडला राहायला गेल्या. सामान हलवताना पेटी रद्दीत गेली. कुणी मुद्दाम टाकली नाही, कुणाच्या लक्षात राहिली नाही, इतकेच. ते कळले त्या दिवशी मी पत्रक खणातून काढून पुन्हा पाहिले. लाल खुणा पहिल्या पानावर होत्या, दुसऱ्यावर होत्या, तिसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत होत्या. पुढे एकही नव्हती. चौथ्या पानापासून माझे मराठी एकाएकी शुद्ध झाले होते, असे मुळीच नाही. बाई तिथे थांबल्या होत्या. आपल्याला हे जमत नाही असे ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला सांगितले नव्हते, त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने सांगितले होते. मला ते वाचता आले नाही.

तीन यंत्रांपैकी एक बंद पडले तर काय, याचा आम्ही किती विचार केला होता! चौदा माणसांपैकी बारा थांबली तर काय, याचा केलाच नव्हता. भांडारातून एकही कागद हरवला नाही हे खरे. पण जो भांडारापर्यंत पोचलाच नाही, तो हरवल्याची नोंद कुठे होते?

वाईट याचे वाटते, की हा धडा मी आधीच शिकलेला असायला हवा होता. १९८४ साली मी बँकेत लागलो. त्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. हाताने लेजर लिहिण्याचे दिवस संपत आले होते. पुढे शाखेत टर्मिनल आली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, एक तार मागे, एक तार भिंतीत. टर्मिनलला स्वतःची अक्कल नव्हती; सगळे काम आतल्या खोलीतले मुख्य यंत्र करी. पण त्यामुळेच नवे टर्मिनल लावायचे तर तार जोडली आणि नाव-परवलीचा शब्द दिला की झाले. मग प्रत्येक टेबलावर शहाणा संगणक आला आणि त्याचे शहाणपण सांभाळणे हे वेगळेच काम होऊन बसले. प्रत्येक यंत्रावर वेगळी आज्ञावली, प्रत्येकाचे वेगळे दुखणे. सीडींची पिशवी घेऊन फिरणारा तंत्रज्ञ येईपर्यंत काउंटर बंद. एका शाखेत जी ओळ बदलली ती दुसऱ्या शाखेत बदलायची राहिली, की महिनाअखेरीला हिशेब जुळत नसे. २००० नंतरच्या दशकात सगळ्या शाखांची खाती मध्यवर्ती यंत्रणेत गेली. तेव्हा बँकांनी पुन्हा उलटी वाट धरली: शाखेतल्या यंत्रावर शक्य तितके कमी ठेवा, बाकी मध्याला. म्हणजे पोहरा हलका करा, हौद काय ते सांभाळेल.

मोठ्या भांडारांच्या जगातही अगदी हेच घडले आहे, हे मला त्या तरुणाने समजावले. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने साऱ्या आवारासाठी विखुरलेला साठा उभारला. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोन दात्यांवरून त्याला अँड्र्यू हे नाव. महादेव सत्यनारायणन हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. त्या व्यवस्थेत प्रत्येक संगणकावर एक यादी ठेवावी लागे: कुठले भांडार कुठल्या यंत्रांवर आहे, त्यांचे आकडी पत्ते. भांडाराचे यंत्र बदलले की घरोघरच्या याद्या शिळ्या. १९९० साली इंटरनेटच्या सामाईक पत्त्यांच्या वहीत अशा भांडारांसाठी एक वेगळा रकाना ठरवण्यात आला. म्हणजे यादी प्रत्येकाने बाळगण्याऐवजी नाव तेवढे ठाऊक असावे, पत्ता वहीला विचारावा.

ही गोष्ट सदाशिव पेठेतल्या माणसाला चटकन कळते. आमच्याकडे घरांचे क्रमांक क्रमाने लागतील अशी आशा फक्त परगावचे पाहुणे करतात. पत्रिकेवर घर क्रमांक असतो तो शोभेला. माणूस पोचतो तो पेरूगेटवरून, खुन्या मुरलीधरावरून, नागनाथ पारावरून. एक ठळक खूण सांगा, पुढचे तिथे विचारा. साऱ्या पेठेचा नकाशा पाठ करून कुणी घराबाहेर पडत नाही.

दुसरे उदाहरण जास्त अलीकडचे, आणि बँकवाल्याला हसू येईल असे. आज जगभर वापरात असलेल्या एका विखुरलेल्या साठ्याचे नाव 'सेफ' आहे. आमची तिजोरी ती सेफ, ही नव्हे. हे नाव अष्टपादासारख्या प्राण्यांच्या कुळाच्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे, कारण हात पुष्कळ आणि अंग एक. सेज वाइल या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात २००७ साली या विषयावर प्रबंध पुरा केला. जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधनसंस्था आपल्या साठवणुकीसाठी ही व्यवस्था वापरते. सेफमध्ये साधारणपणे प्रत्येक वस्तूच्या तीन प्रती तीन वेगळ्या जागी ठेवतात. कुठली वस्तू कुठे, हे सांगणारा कारकून बसवलेला नाही. काही पहारेकरी यंत्रे सगळ्या भांडाराचा ताजा नकाशा बाळगतात आणि येणाऱ्या संगणकाला तो देतात. त्यावरून वस्तूची जागा तो संगणक स्वतःच गणित करून काढतो.

आता यात येणाऱ्याची सोय कशी होत गेली ते पाहा. २०१० साली सेफशी बोलण्याची विद्या लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. म्हणजे ती वेगळी आणून बसवण्याची पहिली पायरी गेली. सुरुवातीला पसंती-नापसंतीच्या कितीतरी ओळींची फाईल प्रत्येक यंत्रावर ठेवावी लागे. २०१८ च्या आवृत्तीपासून त्या साऱ्या ओळी पहारेकऱ्यांकडेच ठेवण्याची सोय झाली. पुढच्या वर्षी तर, येणाऱ्या यंत्राला लागणारी कमीत कमी ओळींची फाईल भांडारानेच लिहून द्यावी, अशीही आज्ञा आली. त्या फाईलीत जेमतेम दोन गोष्टी असतात: हे भांडार कुठले, आणि पहारेकरी कुठे भेटेल. एका पहारेकऱ्यापर्यंत पोचलात की बाकीच्यांचे पत्ते तोच देतो. शेजारी एक किल्ली ठेवली की काम झाले.

या उदाहरणांत गंमत अशी, की अवघडपणा कुठेही नाहीसा झालेला नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला गेला आहे. हजार माणसांच्या टेबलांवर थोडा थोडा पडलेला त्रास चार जाणत्यांनी आपल्या अंगावर घेतला. सोपे करणे म्हणजे हे. ते फुकट होत नाही. कुणाला तरी रात्री जागवून करावे लागते. प्रश्न एवढाच असतो, की जागायचे कुणी? ज्याला ते काम येते त्याने, की ज्याला येत नाही त्याने?

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण सोयीच्या नावाखाली भलतेच काही सोपे केले जाते. किल्लीचेच घ्या. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. दोन वेगळ्या माणसांकडे त्या असतात, दुसरा जोड तिसऱ्याच जागी ठेवलेला असतो. रोज सकाळी दोघांनी एकत्र यायचे हे गैरसोयीचे आहे, पण ती गैरसोय हेच कुलूप आहे. पुढे संगणक आले तेव्हा 'काम अडायला नको' म्हणून अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून कळपाटाखाली सरकवलेला मी पाहिला आहे. खरे सांगायचे तर एकदा मीही सरकवला आहे. भांडारांच्या बाबतीत याच जातीचा मोह म्हणजे सगळी दारे उघडणारी मुख्य किल्ली प्रत्येक यंत्रावर ठेवून देणे. पत्रकातली चार वाक्ये वाचतात, आणि एका घरची चोरी साऱ्यांची चोरी होते. ज्याची त्याची किल्ली वेगळी, आणि ती फक्त त्याच्या खणापुरती, हे पथ्य सोडून केलेली सोय ही सोय नव्हे.

दुसरे पथ्य समोरच्याची खात्री करून घेण्याचे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले, ते पुष्कळांना आठवत असेल. तपासाच्या ज्या हकिगती प्रसिद्ध झाल्या, त्यांनुसार चोरांनी मध्ये एक तोतया यंत्र उभे केले होते. देशोदेशींच्या एटीएमवरून 'पैसे देऊ का?' असा प्रश्न आला, की बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी हा तोतया 'द्या' म्हणत होता. प्रश्न बरोबर, उत्तर देणारा चुकीचा. आता माझ्या पत्रकाचे पाचवे पान पुन्हा वाचा: इशारा येईल, घाबरू नये, होय म्हणावे. तो इशारा नेमके हेच विचारत होता, की समोर जो आहे तो तोच आहे ना? आणि मी, आयुष्यभर सह्या पडताळण्यात घालवलेला माणूस, चौदा घरांना न पाहता सही करायला शिकवत होतो.

पेटी गेल्यानंतर मी आणि तो तरुण पुन्हा बसलो. मी म्हटले, "सात पानांचे एक पान करायचे." तो म्हणाला, "काका, पान तुम्ही कमी करणार की काम मी कमी करायचे?" प्रश्न चोख होता. त्याचे तीन रविवार गेले. आकडी पत्ते काढून एकच नाव ठेवले; आतली यंत्रे बदलली तरी नाव तेच राहील. लागणाऱ्या सगळ्या आज्ञावल्या एकत्र बांधल्या. ओळी भांडाराच्या बाजूला नेल्या. प्रत्येक घराची किल्ली आधीच तयार करून बंद पाकिटात घातली, आणि ती हरवली तर तेवढीच रद्द करता येईल असे केले. भांडाराची ओळख पटवणारे प्रमाणपत्र नीट बसवले. आता इशारा आलाच तर नव्या पत्रकात लिहिले आहे: 'थांबा, आणि आम्हाला फोन करा.' शिवाय पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाने त्या घरी जाऊन शेजारी बसायचे आणि यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम केला. जिथे माणूस अडखळला तिथे पत्रक चुकले, असे समजायचे.

यावर आमच्या पेठेत आक्षेप येणारच होता, आणि आला. "लोकांनी शिकायला नको का? किती लाड करायचे?" शिकायला हवेच. आपली किल्ली जपायला, इशारा वाचायला, समोरच्याची खात्री करायला प्रत्येकाने शिकलेच पाहिजे. ती त्याच्या वाटणीची विद्या. पण कात्रजच्या नळाचा उतार त्याने का पाठ करावा? आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. जे यंत्राने स्वतः शोधावे ते माणसाला लिहायला लावतात, आणि जिथे माणसाने थांबून विचार करावा तिथे 'होय म्हणा' म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा होता. बड्या कंपन्यांची भांडारे फोनमध्येच तयार मिळतात, काहीही जुळवावे लागत नाही. मग हा खटाटोप कशाला? त्यांची सोय उत्तम आहे, हे कबूलच केले पाहिजे. आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पण दुसऱ्याच्या हौदावर पाणी भरताना हौद त्याचा आहे हे विसरू नये. ऑर्कुट आठवते? आपल्याकडच्या कितीतरी तरुणांचे फोटो आणि गप्पा तिथे होत्या; ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. आधी सूचना देऊन, रीतसर. तरी ज्यांनी वेळेवर काढून घेतले नाही त्यांचे गेलेच. म्हणून एक प्रत त्यांच्याकडे जरूर असू द्या. तीच एकुलती एक असू नये.

मनात आणले तर दार रुंद करता येते, याचा पुरावा माझ्या वयाच्या वाचकांच्या हातातच आहे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणजे पूर्वी बँकेत जाऊन उभे राहायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झाले आणि दाखला संगणकावरून देता येऊ लागला. पण त्याला बोटांचे ठसे किंवा बुबुळे टिपणारे यंत्र हवे, ते संगणकाला जोडायला हवे, त्याची आज्ञावली बसवायला हवी. आणि भांडी घासून, शेती करून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटायला हवेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, आणि साधा स्मार्टफोन पुरेसा झाला. आतली यंत्रणा अधिक गुंतागुंतीची झाली असेल. बाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते जाणवण्याचे कारण नाही.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते १९१० साली स्थापन केले. कागदांसाठी हा माणूस गावोगाव हिंडला, लोकांच्या माळ्यांवर चढला, धूळ खाल्ली. ज्याच्याकडे दप्तर आहे त्याने ते वर्गवारी करून, सूची जोडून पुण्याला पाठवावे, असे पत्रक काढून ते घरी बसले असते, तर त्यांच्या साधनांचे खंड किती निघाले असते? कागद ज्याला हवा, वाट त्याने चालायची. आम्ही राजवाड्यांच्या पेठेत राहून हे विसरलो होतो.

आज चौदांपैकी अकरा घरांतून कागद येत आहेत. मागच्या महिन्यात मी नवे पत्रक वाकडला बाईंनाही पाठवले; खरे म्हणजे दाखवायला, शाबासकीच्या लोभाने. आठ दिवसांनी ते परत आले. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल शाईने दुरुस्त केलेली होती, तीही अगदी शेवटच्या ओळीत. म्हणजे त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले होते. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात दोनच वाक्ये होती:

'आता समजले. पण पाठवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.'